निओबी जेवली तेव्हा

निओबीची गोष्ट मोबाइलवर शोधली तर दीड-दोन मिनिटांत वाचून संपते. थीब्जची राणी, सात मुलगे, सात मुली. लेटो या देवीला मुलं दोनच, अपोलो आणि आर्टेमिस. बायका लेटोची पूजा करत होत्या तिथे जाऊन निओबी म्हणाली, पूजा करायचीच तर माझी करा, या दोन लेकरांच्या आईत काय आहे? लेटोने मुलांना सांगितलं. अपोलोने सगळे मुलगे बाणांनी मारले, आर्टेमिसने सगळ्या मुली. रडता रडता निओबीचा दगड झाला. खाली ठळक अक्षरांत: तात्पर्य – गर्व करू नये.

आमच्या पिढीला ग्रीक देव भेटले ते पर्सी जॅक्सनच्या कादंबऱ्यांतून आणि 'गॉड ऑफ वॉर', 'हेडीस' यांसारख्या गेम्समधून. त्यांच्याबरोबर 'हुब्रिस' हा शब्दही आला. मराठीत त्यासाठी 'उतमात' हा चांगला शब्द आहे आणि श्रावणातल्या कहाण्या ऐकलेल्या माणसाला तो समजवावा लागत नाही. माणूस उतला, मातला, देव कोपला. इकारस, अरॅक्नी, निओबी, सगळे याच साच्यात बसवता येतात. साचा इतका सोयीचा आहे की निओबीच्या गोष्टीतला हिशोब कुणी तपासत नाही. बोलली एक जण. मेली चौदा. त्या चौदांपैकी कुणीही देवीला काही म्हटलेलं नव्हतं. मग हा धडा नक्की कुणाला मिळाला?

ही गोष्ट आपल्यापर्यंत ज्या सर्वांत जुन्या ग्रंथातून आली तिथे ती अगदी वेगळ्या कामासाठी सांगितली आहे. तो ग्रंथ म्हणजे होमरचं 'इलियड', त्याचा शेवटचा, २४वा सर्ग.

प्रसंग असा. अकिलीसने ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याला मारलंय. मारून थांबला नाही, प्रेत रथाला बांधून फरफटवलं आणि तसंच टाकून ठेवलं. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्रीच्या अंधारात शत्रूच्या छावणीत शिरतो, अकिलीसचे गुडघे धरतो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. दोघं रडतात. एक मुलासाठी. दुसरा आपल्या बापासाठी आणि पॅट्रोक्लस या मित्रासाठी. मग अकिलीस प्रेत धुवायला लावतो, तेही प्रायमच्या नजरेआड. मुलाला पाहून बाप भडकला तर आपलाही तोल जाईल आणि आपण म्हाताऱ्याला मारून बसू, हे त्याला कळतं. स्वतःच्या रागाची इतकी अचूक माहिती असलेलं दुसरं पात्र माझ्या वाचनात नाही. प्रेत तिरडीवर तो स्वतः उचलून ठेवतो. आणि मग प्रायमला म्हणतो, आता जेवू या. निओबीलासुद्धा जेवणाची आठवण झाली होती.

इथे तो गोष्ट सांगतो. होमरकडे मुलं बारा आहेत, सहा मुलगे, सहा मुली (चौदाचा आकडा नंतरचा). नऊ दिवस ती रक्तात पडून राहिली, कारण झ्यूसने आसपासच्या माणसांचे दगड करून टाकले होते आणि पुरायला कुणी उरलं नव्हतं. दहाव्या दिवशी देवांनीच त्यांना पुरलं. आणि रडून रडून थकल्यावर निओबी जेवली.

निओबी लेटोला काय म्हणाली होती, हे अकिलीसही सांगतो. पण ते एका वाक्यात उरकतो, त्यावर रेंगाळत नाही. ती चुकली की नाही, हा त्याचा मुद्दाच नाही. बारा मुलं गेलेली बाई जेवली, म्हणून आजोबा, तुम्हीही दोन घास खा, एवढाच मुद्दा. प्रायमने हेक्टर गेल्यापासून अन्नाला हात लावलेला नाही.

हे जेवण होमरने स्वतः गोष्टीत घातलं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. पटण्यासारखं आहे. इतर कुठल्या जुन्या कथनात निओबी जेवत नाही. शिवाय नऊ दिवस न पुरलेली प्रेतं हा तपशीलही हेक्टरच्या परिस्थितीवर बेतलेला दिसतो. म्हणजे ऐकणाऱ्याच्या दुःखाच्या मापाने गोष्ट शिवून दिली आहे. शिलाई कुठे कुठे दिसतेही. जेवण झाल्यावर लगेच होमर सांगतो की निओबी आता सिपिलस पर्वतावर दगड होऊन देवांनी दिलेलं दुःख उगाळत बसली आहे. अलेक्झांड्रियातले अरिस्टार्कस वगैरे संपादक इथे अडले. दगड झालेली बाई जेवेल कशी? आणि 'जेवा, निओबी जेवली आणि दगड झाली' हे कसलं सांत्वन? त्यांनी त्या चार ओळींवर संशयाची खूण केली. कामावर रोज दुसऱ्यांचा कोड तपासणाऱ्या माणसाला हा आक्षेप लगेच पटतो. पण मला त्या ओळी हव्यात. जेवल्याने दुःख संपतं, असं अकिलीस खोटं सांगत नाही. ती जेवली आणि तरीही ती आजपर्यंत रडते आहे. दोन्ही खरं.

आणि सांगणारा कोण, हे विसरू नका. या घरातला अपोलो तोच आहे. प्रायमची मुलं त्यानेच मारली आहेत. पाहिजे तर 'तुझ्या मुलाने पॅट्रोक्लसला मारलं, म्हणून हे झालं' असा धडा तो देऊ शकला असता, आणि तो गर्वाच्या तात्पर्यापेक्षा जास्त खरा ठरला असता. तो मेंढी कापतो आणि मांस भाजायला लावतो. त्याचं स्वतःचं जेवण नुकतंच झालेलं आहे, टेबल अजून समोर आहे. त्याआधी, पॅट्रोक्लस गेला तेव्हा, सगळे विनवत असताना याच माणसाने अन्न नाकारलं होतं. उपाशी राहण्याचा अर्थ त्याला ठाऊक आहे. आपल्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात आणि समोर बसून खायला लावतात. अकिलीसचं बोलणं त्या जातीचं आहे.

मग तात्पर्य आलं कुठून? एक माग प्लेटोकडे जातो. इस्किलसने निओबीवर नाटक लिहिलं होतं. ते जवळजवळ सगळं हरवलंय, पण त्यात निओबी डोक्यावरून वस्त्र ओढून मुलांच्या थडग्यावर बराच वेळ गप्प बसून असायची, हे माहीत आहे, कारण इ.स.पू. ४०५मध्ये ॲरिस्टोफनीसने 'बेडूक' या प्रहसनात त्याची टर उडवली. याच नाटकात असं एक विधान होतं की एखादं घराणं मुळापासून संपवायचं असलं की देवच माणसात अपराध रुजवतो. प्लेटोने 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात नेमकं हेच उचललं आणि बजावलं की कवींना असं बोलू देता कामा नये. एक तर निओबीची दुःखं देवाने दिली असं म्हणू नका. म्हणायचंच असेल तर देवाने केलं ते न्याय्यच होतं आणि शिक्षा झालेल्यांचं त्यातून भलंच झालं, असं काहीतरी कारण शोधून काढा.

भलं झालं! कुणाचं? प्लेटोला तरुणांसाठी स्वच्छ अभ्यासक्रम हवा होता, देव चांगलाच असला पाहिजे ही त्याची अट होती, आणि त्या अटीत बसत नाही ते कथेतून काढायचं होतं. ॲपवरची ठळक अक्षरं त्याच कामाची स्वस्त आवृत्ती आहेत.

गंमत म्हणजे ज्याच्यामुळे ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे तो ऑव्हिड अजिबात या बाजूचा नाही. हा रोमन कवी, इ.स. ८च्या सुमाराचा. 'मेटामॉर्फोसिस'च्या सहाव्या भागात तो निओबीला पोटभर बोलू देतो. तिचं भाषण उद्दाम आहे, यात वाद नाही. पण सुरुवातीलाच तो सांगून ठेवतो की ही लहानपणी अरॅक्नीला ओळखत होती. अरॅक्नीला देवीने कोळी केलं, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे आधीचं तात्पर्य पाठ असून उपयोग शून्य. मग मुलगे एकेक करून मरतात आणि ऑव्हिड प्रत्येकाला नाव देतो, जखम देतो. सातवा, इलिओनिअस, हात वर करून सगळ्या देवांना विनवतो, मला वाचवा. सगळ्यांना विनवायची गरज नाही, हे त्या पोराला माहीत नाही. अपोलोला दया येते. पण बाण सुटलेला आहे. देवालाही परत घेता न येणारा बाण, यात कसला न्याय शोधायचा? शेवटची मुलगी उरते. निओबी तिला वस्त्राखाली झाकून म्हणते, एवढी धाकटी राहू दे. मागत असतानाच ती मरते.

या पानांनंतर 'गर्व करू नये' लिहायला दगडाचं काळीज लागतं.

तरीही ते लिहिलं जातं, आणि त्याचं कारण मला समजतं. तरुण मूल गेलेल्या घरी कुणीतरी हळूच विचारतंच: कुलाचार राहिला होता का, नवस फेडायचा होता का, आईचं काही चुकलं का. विचारणारा दुष्ट असतोच असं नाही. त्याचीही मुलं आहेत. नियम सापडला तर तो पाळता येईल, असं त्याला वाटतं. तात्पर्य हा ऐकणाऱ्याचा विमा असतो. त्याचा हप्ता मात्र त्या आईकडून वसूल होतो.

सोफोक्लीजच्या अँटिगनीला हे ऐन मरताना भोगावं लागतं. जिवंत चिणायला नेत असताना ती म्हणते, माझं निओबीसारखं होतंय. थीब्जचे वृद्ध म्हणतात, ती देवांच्या कुळातली, तू माणूस, तिच्यासारखं मरण आलं हाच तुझा मोठेपणा. अँटिगनी म्हणते, माझी थट्टा चालवलीत.

सिपिलस पर्वत तुर्कस्तानात मनिसा शहराला लागून आहे, आणि तिथे निओबीचा म्हणून दाखवतात तो खडकही. दुसऱ्या शतकातला प्रवासी पॉसेनिअस तिथे चढून गेला होता. जवळून नुसता कडा दिसतो, लांबून पाहिलं तर मान खाली घालून रडणारी बाई वाटते, अशी प्रामाणिक नोंद त्याने केली आहे.

प्रायम शेवटी जेवतो. जेवून झाल्यावर दोघं एकमेकांकडे बघत बसतात, आणि प्रायम अंथरूण मागतो, कारण हेक्टर गेल्यापासून डोळाही लागलेला नाही. अकिलीस विचारतो, अंत्यविधीला किती दिवस हवेत, तेवढे दिवस मी लढाई थांबवतो. प्रायम मोजून सांगतो. नऊ दिवस घरात शोक, दहाव्या दिवशी दहन, अकराव्या दिवशी माती. बाराव्या दिवशी, लढायचंच असेल तर लढू.