केरसुणी आणि फ्रेंच व्याकरण : वॉशिंग्टन–डू बॉईस वादातील स्वावलंबनाचा अर्थ

बुकर टी. वॉशिंग्टन यांचे ‘अप फ्रॉम स्लेव्हरी’ हे आत्मचरित्र १९०१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांचा ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ हा निबंधसंग्रह १९०३ मध्ये. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या समाजाच्या मुलांना कोणते शिक्षण द्यावे, या प्रश्नाची दोन टोके म्हणून या ग्रंथांकडे पाहण्याची प्रथा आहे. एकीकडे हातांचे शिक्षण आणि स्वावलंबन, दुसरीकडे उच्च शिक्षण आणि नागरी हक्क, अशी ही विभागणी सोयीची असली तरी संहितांच्या अंतरंगापर्यंत ती पोहोचत नाही. प्रस्तुत लेखात दोन प्रतिमांच्या आधारे स्वावलंबन या कल्पनेला लाभणाऱ्या भिन्न अर्थांचा शोध घ्यावयाचा आहे.

पहिली प्रतिमा केरसुणीची. १८७२ मध्ये दूरचा प्रवास करून व्हर्जिनियातील हॅम्प्टन येथे पोहोचलेल्या वॉशिंग्टन यांना प्रवेशासाठी कोणताही प्रश्न विचारला गेला नाही. एक खोली झाडावयास सांगण्यात आले. त्यांनी ती तीनदा झाडली, चारदा पुसली. शिक्षिकेने रुमाल फिरवून पाहिला, धूळ आढळली नाही आणि प्रवेश मिळाला. हीच आपली प्रवेशपरीक्षा, असे आत्मचरित्रकार सांगतो. या प्रसंगात श्रम हे ज्ञानाच्या दारात नेणारे साधन आहे. गुलामगिरीने श्रमाला हीनतेची खूण बनविले, मालकालाही तिने हातांनी काही करण्यास अपात्र ठरविले, हे वॉशिंग्टन यांचे निरीक्षण आहे. १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे सुरू झालेल्या त्यांच्या शाळेत विद्यार्थ्यांनी इमारती बांधल्या, शेती केली. दात घासण्याचा ब्रश प्रत्येकाजवळ असलाच पाहिजे, हा तेथील दंडक होता. विटांच्या तीन भट्ट्या फसल्यावर वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण ठेवून चौथी लावली. पुढे परिसरातील गोरे लोक याच विटा विकत घेऊ लागले. वीट चांगली असेल तर ती कोणी थापली हे गिऱ्हाईक पाहत नाही, हा निष्कर्ष आत्मचरित्राच्या केंद्रस्थानी आहे. व्यवहारातील परस्परावलंबन वाढले की द्वेष आपोआप ओसरेल, ही त्यामागील श्रद्धा होय.

दुसरी प्रतिमा याच आत्मचरित्रातील, पण उपहासाची आहे. शाळा उघडण्यापूर्वी अलाबामात हिंडताना वॉशिंग्टन यांना एका खोलीच्या झोपडीत एक तरुण दिसला. अंगावरील कपडे तेलकट, भोवती घाण, अंगणात रान माजलेले, आणि तो फ्रेंच व्याकरणाचा अभ्यास करीत होता. वॉशिंग्टन यांच्या दृष्टीने हे विसंगतीचे चित्र आहे. डू बॉईस यांनी नेमके हेच चित्र उचलले आणि सॉक्रेटिस किंवा असिसीचे संत फ्रान्सिस यावर काय म्हणाले असते, असा प्रश्न टाकला. एका संहितेतील प्रतिमा दुसऱ्या संहितेत शिरते आणि तिचा रोख उलटतो. ज्या तरुणाचा अभ्यास हास्यास्पद ठरविला गेला, त्याच्या ठिकाणी डू बॉईस यांना मनुष्याची स्वाभाविक ज्ञानतृष्णा दिसते. घाण दूर करावी हे दोघांनाही मान्य आहे. घाण दूर होईपर्यंत पुस्तक बंद ठेवावे काय, हा खरा मतभेद आहे.

डू बॉईस श्रमाला विरोध करीत नाहीत, हे लक्षात घ्यावयास हवे. राजकीय सत्ता, नागरी हक्क आणि उच्च शिक्षण या तिन्ही गोष्टी तूर्त बाजूस ठेवण्याचा सल्ला त्यांना घातक वाटतो, कारण मताधिकार नसलेला कारागीर आपली मालमत्ता राखू शकत नाही. शिवाय, महाविद्यालयांत शिकलेल्या शिक्षकांवाचून टस्कीगीही चालू शकणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र डू बॉईस यांचाच संग्रह त्यांच्या आशावादाला मर्यादा घालतो. त्यातील जॉनच्या कथेत उच्चशिक्षित तरुण गावी परततो, शाळा चालवितो. ती बंद पाडली जाते आणि अखेरीस झुंडीच्या हातून मृत्यू त्याच्या समोर उभा राहतो. म्हणजे विटाही वाचवीत नाहीत आणि व्याकरणही नाही. दुसऱ्या बाजूने, १८९५ च्या अटलांटा येथील भाषणात तडजोडीचा सूर लावणारे वॉशिंग्टन मताधिकार हिरावणाऱ्या कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना गुप्तपणे पैसा पुरवीत होते, हे इतिहासकार लुई हार्लन यांच्या संशोधनातून पुढे स्पष्ट झाले. आत्मचरित्र जे बोलत नाही तेही त्याच्या वाचनाचा भाग झाले पाहिजे.

मराठी वाचकाला ही केरसुणी निरागसपणे वाचता येत नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना कमरेला केरसुणी बांधावी लागे, याचा उल्लेख डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केला आहे. तेथे केरसुणी प्रवेशाची नव्हे, बहिष्काराची खूण आहे. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये, म्हणजे टस्कीगी सुरू झाल्याच्या पुढच्याच वर्षी, हंटर आयोगापुढील निवेदनात मोडी, बालबोध आणि हिशेब यांबरोबर शेती व आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान मागितले. पण त्याच्या जोडीला इतिहास, भूगोल, व्याकरणही मागितले. व्यवहारज्ञान त्यांच्या यादीत आहे, इतर ज्ञानाला पर्याय म्हणून मात्र नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्यातील १९२४ च्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राबत आणि एकत्र जेवत. केरसुणी जातीवर न पडता सर्वांच्या हाती पडल्याने तिचा अर्थ तेथे बदलतो. १९४७ मध्ये साताऱ्यात निघालेल्या त्यांच्या महाविद्यालयात तर कमवा व शिका ही योजना उच्च शिक्षणाच्याच आत आली.

वॉशिंग्टन आणि कर्मवीर यांना एका ओळीत बसविणारी आपल्याकडील तुलना म्हणूनच अपुरी ठरते. साम्य श्रमात आहे, श्रमाच्या पुढील वाटेत नाही. काम कोणी नेमून दिले, ते कोणाकोणाच्या वाट्याला आले आणि ते संपल्यावर कोणते दार उघडे राहिले, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून स्वावलंबन हा गुण आहे की मर्यादा, हे ठरते. झोपडीतील त्या अनाम तरुणाचे पुढे काय झाले, हे दोन्ही ग्रंथ सांगत नाहीत. त्याच्या हातून व्याकरण काढून न घेता त्याला अंगण झाडावयास शिकविणारी शाळा कोणती, हा प्रश्न मात्र दोन्ही संहिता एकत्र वाचल्यावरच उभा राहतो.