विजेचा धक्का आणि भिंतीवरचा तक्ता

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या वर्कशॉपमध्ये शिरा. मेन स्विचच्या आसपास, तेलकट झालेल्या भिंतीवर, एक तक्ता टांगलेला दिसतो : 'विजेचा धक्का बसल्यास करावयाचे उपचार'. पुस्तकांची, नाटकांची, चित्रपटांची परीक्षणे होतात. या तक्त्याचे कोणी करत नाही. वास्तविक इतक्या भिंतींवर पोहोचलेला विज्ञानविषयक मजकूर दुसरा क्वचितच सापडेल. म्हणून या वेळी आम्ही तोच परीक्षणासाठी घेतला आहे.

तक्ता भिंतीवर आला तो कायद्यामुळे. भारतीय विद्युत नियम, 1956 मधील 44 व्या नियमानुसार वीज वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्यात अशा सूचना स्थानिक भाषेतही ठळक जागी लावणे बंधनकारक झाले. पिंपरी-चिंचवड परिसरात कारखाने वाढत गेले, पुढे चाकणला नवी वसाहत उभी राहिली. तक्ताही बरोबर गेला. त्याच नियमात आणखी एक अट होती : नेमलेल्या कामगारांना त्या सूचना प्रत्यक्ष अमलात आणता आल्या पाहिजेत. ही अट मात्र खिळा ठोकून पुरी होत नाही. अकरावीच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही एका वर्कशॉपमध्ये गेलो होतो. तिथल्या फोरमनना तक्त्याबद्दल विचारले, तर ते हसून म्हणाले, "सर, तो तपासणीसाठी असतो."

तक्त्याचा पहिला भाग उत्तम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. वीजपुरवठा तोडा, तो तोडता येत नसेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने माणसाला तारेपासून दूर करा, उघड्या हाताने शिवू नका. यात आजही बदलण्याजोगे काही नाही. फक्त हे घरगुती किंवा वर्कशॉपमधल्या दाबाच्या विजेपुरते खरे आहे, हा इशारा हवा होता. 11 हजार व्होल्टच्या वाहिनीपुढे कोरडी काठी भरवशाची नाही. तिथे पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत दूरच राहावे लागते.

घोळ दुसऱ्या भागात आहे. जुन्या छापाच्या तक्त्यांवर माणूस पालथा निजवलेला दिसतो आणि दुसरा त्याच्या पाठीवर रेलून मिनिटाला बारा-पंधरा वेळा दाब देत असतो. ही शेफरची पद्धत. एडिंबरोचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड शेफर यांनी ती विसाव्या शतकाच्या आरंभी सुचवली, आणि तीही बुडालेल्या माणसांसाठी. शेजारी सिल्वेस्टरची पद्धत असते. ती 1858 सालची. तिसरी पद्धत डेन्मार्कच्या होल्गर निल्सन यांची, 1932 सालची. विजेच्या कामाच्या काही प्रशिक्षण-पुस्तकांत या निल्सनसाहेबांचे 'नेल्सन' झालेले आहे. एकाने दुसऱ्याचे उतरवून घेत गेले की असे होते.

या तिन्ही पद्धती श्वास चालवण्याच्या आहेत. विजेच्या धक्क्याने बंद काय पडते? कधी कधी श्वास थांबतो आणि हृदय चालू असते. तेव्हा या पद्धतींनी काही माणसे वाचलीही असतील. पण आपल्या घरातील 50 हर्ट्झचा प्रवाह छातीतून गेला, तर मुख्य धोका हृदयाला असतो. साधारण 50 ते 100 मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह सेकंदभर वाहिला तरी निलयांचे स्नायू एका तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागू शकतात. 40 वॅटच्या बल्बमधून सुमारे 170 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, यावरून अंदाज यावा. थरथरणारे हृदय रक्त ढकलत नाही. रक्तच फिरत नसेल, तर पाठ दाबून फुप्फुसात थोडी हवा गेली तरी ती मेंदूपर्यंत नेणार कोण?

गंमत, किंवा खरे तर खंत अशी की, यावरचा उपाय विजेच्या धक्क्याच्याच अभ्यासातून निघाला. अमेरिकेत तारांवर काम करणारे लाइनमन धक्क्याने मरत. म्हणून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते हृदयाच्या या थरथरीवर संशोधन करू लागले. 1958 मध्ये त्यांचे सहकारी गाय निकरबॉकर यांच्या लक्षात आले की, कुत्र्याच्या छातीवर धक्का देणाऱ्या यंत्राच्या जड पट्ट्या नुसत्या दाबून धरल्या तरी रक्तदाब थोडा वाढतो. प्रवाह अजून सोडलेलाही नव्हता! त्यातूनच, शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड यांच्यासह, बाहेरून छाती दाबून रक्त फिरवण्याची पद्धत 1960 मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच शहरात पीटर साफर यांनी त्याआधीच दाखवून दिले होते की, जीभ मागे पडून घसा बंद झाला असेल तर जुन्या पद्धतींनी पुरेशी हवा आत जातच नाही. म्हणजे विजेच्या धक्क्याचा तक्ता विजेच्या धक्क्यामुळेच लागलेल्या शोधाच्या मागे राहिला. काही नव्या तक्त्यांवर छाती दाबण्याचे चित्र आले आहे, पण ते जुन्या तीन पद्धतींच्या नंतर, चौथे म्हणून. वाचणारा पहिल्यापासूनच सुरुवात करणार.

आणि वेळ नसतो. काहीच केले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे 7 ते 10 टक्क्यांनी घटते. चाकणच्या चौकातील वाहनांची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना रुग्णवाहिकेच्या मिनिटांबद्दल वेगळे सांगायला नको.

आमच्या मते तक्त्यावर एवढेच हवे : वीज तोडा. हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि नेहमीसारखा श्वास नाही (अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे), तर एकाने 108 ला फोन करावा आणि दुसऱ्याने माणसाला कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला लागावे. खोली 5 ते 6 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमायला होते, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. एईडी यंत्र जवळ असेल तर लगेच मागवावे. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याचीच पद्धत सुचवली. प्रशिक्षण झालेल्याने 30 दाबांनंतर तोंडाने 2 श्वास द्यावेत; बुडालेल्यांच्या आणि लहान मुलांच्या बाबतीत तर श्वासाला विशेष महत्त्व आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेतही बहुधा हा तक्ता असतो. त्या अकरावीच्या मुलांपुढे आम्ही तो ठेवला आणि म्हटले, "हा माणूस पडला आहे, वाचा आणि करा." बराच वेळ कोणती पद्धत निवडायची यावर वाद चालला. कोणाचाही हात छातीपर्यंत गेला नाही. हा प्रयोग आपल्या वर्गातही करून पाहता येईल. मात्र धडधाकट मुलाची छाती कधीही दाबू देऊ नका, इजा होते. सरावाचा पुतळा मिळाला तर उत्तमच. नाहीतर झाकण घट्ट लावलेली दोन लिटरची रिकामी प्लास्टिकची बाटली किंवा घट्ट उशी जमिनीवर ठेवून, कोपरे ताठ ठेवून, घड्याळ लावून दोन मिनिटे दाबायला सांगा. दुसऱ्या मिनिटाला वेग कसा मंदावतो हे मुलांना स्वतःलाच कळते, आणि माणूस का बदलायचा हेही.

आमच्या तक्त्याच्या तळाशी डॉक्टरांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक यांसाठी एक रेघ होती. ती कोरीच होती. मुलांनी तिथे मार्करने 108 लिहिले.