खांद्यावरचा पैलवान

आज आम्हाला एका हरलेल्या कुस्तीबद्दल बोलायचं आहे. त्याहून जास्त, ती कुस्ती आपण कुस्तीशौकीन कशी आठवतो, याबद्दल बोलायचं आहे. कारण आमची तक्रार पैलवानांबद्दल नाही, ती आपल्या आठवणीबद्दल आहे.

7 जानेवारी 2020. पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत झाली. गादी विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आलेला, माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके. दोघंही काका पवारांचे पठ्ठे, एकाच तालमीत घाम गाळलेले. सदगीर 3-2 असा जिंकला. कुस्ती संपली आणि त्यानं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो महाराष्ट्रभर गेला. खिलाडूवृत्ती काय असते ते बघा, असं सगळ्यांनी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

पण आता लातूरच्या किंवा नांदेडच्या कुठल्याही कट्ट्यावर शैलेश शेळकेचं नाव काढा. पहिलं वाक्य येतं, "तोच ना, ज्याला खांद्यावर घेतलं होतं?" दुसरं वाक्य येतं, "थोडक्यात गेलं हो." तिसरं वाक्य बहुतेक येतच नाही. या फोटोचा नायक उचलणारा आहे. उचलला गेलेला माणूस त्याच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून उरतो. माती विभागातून शेवटपर्यंत कसा आला, कुणाला पाडून आला, त्याचा हुकमी डाव कोणता, हे त्या फोटोत नाही. आणि आपल्यालाही ते विचारावंसं वाटत नाही.

कुणी म्हणेल, यात नवल काय? गदा जिंकणाऱ्याचंच नाव राहणार. महाराष्ट्र केसरी 1961 पासून सुरू आहे. मामासाहेब मोहोळांच्या नावाची चांदीची गदा एकालाच मिळते. जुने शौकीन विजेत्यांची यादी सालवार म्हणून दाखवतात. त्या यादीत 1969 ला आपल्या जिल्ह्याचं नाव आहे. त्या साली अधिवेशन लातूरलाच होतं, आणि गदा निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी घेतली. बिराजदारमामा म्हटलं की अजूनही आपली मान ताठ होते.

पण जरा थांबा. मामांची कोणती कुस्ती लोक सांगतात? 1969 च्या फायनलचं वर्णन करणारा माणूस आम्हाला क्वचितच भेटला. सगळे सांगतात ती 1977 ची बेळगावची कुस्ती, मामांनी दिल्लीच्या सतपालला हरवलं ती. त्या कुस्तीला महाराष्ट्र केसरीची गदा नव्हती. ती फडातली जंगी कुस्ती होती. तरी माणसं ती आजही रंगवून सांगतात, आणि ज्यांनी पाहिली नाही तेही पाहिल्यासारखी सांगतात.

म्हणजे आपल्या आठवणीला किताब लागतोच असं नाही. मराठवाड्याच्या फडाची रीतच वेगळी होती. माळेगावच्या यात्रेत काय किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत काय, कुस्तीला जोड लागते, हलगी वाजते, आणि माणूस घरी जाऊन डाव सांगतो. "त्यानं ढाक लावली," "यानं पट काढला," "तो घिश्श्यावर गेला." हरलेल्या पैलवानाचाही डाव सांगितला जायचा, कारण मातीत पाठ लागेपर्यंत जे झालं तीच गोष्ट होती. इनाम किती, हे नंतर.

गादीवर गोष्ट बदलली. तिथं तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा फलक. ताबा घेतला की दोन गुण. बाहेर ढकललं की एक. जो निष्क्रिय राहतो त्याला पंच तीस सेकंदांची मुदत देतात, त्यात कुणालाच काही करता आलं नाही तर समोरच्याला एक गुण. हे नियम चांगलेच आहेत, नाहीतर तासन् तास नुसती खडाखडी चालली असती. पण घरी जाताना आपण फलक घेऊन जातो. "3-2" एवढंच लक्षात राहतं. एका गुणाच्या फरकानं एक जण यादीत जातो आणि दुसरा "थोडक्यात" मध्ये.

नांदेडकरांनी तर याची दुसरी बाजू पाहिली आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला गादी विभागाच्या अंतिम कुस्तीत नांदेडकडून खेळणारा शिवराज राक्षे पृथ्वीराज मोहोळकडून हरला. पाठ टेकलीच नाही असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथ चुकीचीच, त्यावर वाद नको. पण आज त्या कुस्तीतलं काय आठवतं? लाथ. राक्षेनं त्याआधी महाराष्ट्र केसरी जिंकलेली आहे, ते मागे पडलं. 2020 ला खांदा, 2025 ला लाथ. एका ठिकाणी आपण गहिवरलो, दुसऱ्या ठिकाणी भांडलो. कुस्ती मात्र दोन्हीकडे कुणी पाहिली नाही.

आता "थोडक्यात गेलं" या वाक्याबद्दल. हे वाक्य प्रेमानं म्हटलं जातं, पण ते पैलवानाला काही देत नाही. त्यातून एक तर पंचांवर संशय निघतो, नाहीतर नशिबावर खापर. दोन्हीत पैलवानानं स्वतः काय केलं, हे बाजूला राहतं. हरला तर का हरला, कुठं कमी पडला, हे विचारणं म्हणजे त्याचा अपमान नव्हे. उलट तोच खरा मान आहे. वस्ताद पठ्ठ्याला तेच विचारतो.

आणि हे नुसतं भावनेचं प्रकरण नाही, मंडळी. किताबावर पोट चालतं. विजय चौधरी तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलीस उपअधीक्षक झाला, ते योग्यच झालं. पण दुसऱ्या नंबरला काय? बदाम, दूध, तूप, तालमीची खोली, हा खुराकाचा खर्च दोघांच्या बापानं सारखाच केलेला असतो. कोरडवाहू शेतीतून केलेला असतो. फडात जोड लावताना, इनाम ठरवताना नावापुढं काय लागतं यावर भाव ठरतो. आपण ज्याला विसरतो त्याची बोली खाली येते.

शिवाय ही यादी मुळात किती अरुंद आहे तेही बघा. महाराष्ट्र केसरीची गदा खुल्या गटाची, 86 किलोच्या वरच्यांची. लातूर जिल्ह्याचे काका पवार स्वतः कमी वजनाचे ग्रीको-रोमन मल्ल, अर्जुन पुरस्काराचे मानकरी. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलोत सुवर्ण घेऊन आला, 2019 ला जागतिक स्पर्धेत कांस्य. तेही पदक त्यानं 61 किलोत घेतलं. या वजनाचा मल्ल या गदेसाठी लढूच शकत नाही. म्हणजे बिराजदारमामांचा पठ्ठा काका पवार, आणि काका पवारांचा पठ्ठा शैलेश शेळके, या तीन पिढ्यांत यादीत नाव फक्त पहिल्याचं. वारसा मात्र तिघांचा. यादी धरून बसलो तर आपल्याच मातीचा निम्मा इतिहास हातातून जाईल.

याचा अर्थ किताब नको असा नाही. निकाल हवाच, नाहीतर प्रत्येक गावाचा पैलवान हा "खरा केसरी" ठरेल. आम्ही एवढंच म्हणतो की निकाल कुस्तीचं शेवटचं वाक्य आहे, सगळी कुस्ती नाही.

म्हणून एक काम सुचवतो. प्रत्येक गावात एखादा तरी शौकीन असतो ज्याला सगळं पाठ असतं. त्याच्याकडं बसा, वही घ्या, आणि विजेत्यांबरोबर उपविजेत्यांचीही यादी करा. साल, गाव, जोड, आणि शक्य असेल तर डाव. यात्रेच्या फडात जो निवेदक माइकवर बोलतो त्याला सांगा, हरलेल्या पैलवानाची निदान दोन वाक्यं बोल: कुठून आला, काय करून गेला. आणि पुढच्या वेळी कुणी शैलेश शेळकेचं नाव काढलं, तर फोटोची गोष्ट सांगून झाल्यावर थांबू नका. तो माती विभागातून फायनलला कसा पोचला, तिथून सुरुवात करा.