डफला दिलेले उत्तर

ग्रँट डफने 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. मराठी सत्तेचा उदय त्यास सह्याद्रीच्या रानात अकस्मात भडकलेल्या वणव्यासारखा भासला. ही उपमा मराठी मनाला झोंबली. तथापि नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने 1868 च्या सुमारास डफच्या ग्रंथाचा समाचार घेतला तो लेखणीनेच.

1900 मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी हा उदय आकस्मिक नसून त्यामागे संतांनी घडविलेली लोकजागृती होती, असे प्रतिपादिले. इतिहासाचार्य राजवाडे यांस संतांचे हे श्रेय मान्य नव्हते. राजवाड्यांची भाषा पुष्कळदा कठोर असे. परंतु 1898 पासून अस्सल कागदपत्रांचे खंड छापून त्यांनी विरोधकांच्याही हाती पुरावा दिला. आमच्या मते या वादाचे खरे मोल येथे आहे.

2004 मध्ये एका पुस्तकातील शिवचरित्रविषयक मजकुरावरून जमावाने पुण्याच्या भांडारकर संस्थेची नासधूस केली. मजकूर आक्षेपार्ह होता, हे आम्हीही मानतो. परंतु त्या दिवशी पूर्वजांच्या नावाने पूर्वजांचीच हस्तलिखिते तुडविली गेली. ज्यास पूर्वजांचा अभिमान आहे, त्याने प्रथम त्यांचे कागद जपावेत. डफला उत्तर मिळाले ते त्यांतूनच.