परका हेल आणि न बोललेले प्रेम

आंग ली यांच्या 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००) या चित्रपटाचे संवाद मँडरिन भाषेत आहेत. परंतु नायक चौ युन-फात हाँगकाँगचे कँटोनीजभाषक, तर मलेशियात जन्मलेल्या मिशेल यो यांनी आपले संवाद केवळ ध्वनी पाठ करून म्हटले. अनेक चिनी प्रेक्षकांना हे खटकले. जेथे स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ पालटतो, तेथे परका हेल लपत नाही. उपशीर्षके वाचणाऱ्या आपणांस मात्र तो ऐकूच येत नाही. आपली प्रशंसा त्या मर्यादेतली समजावी.

तथापि हा निव्वळ दोष होय, असे आम्हांस वाटत नाही. शू-ल्येनचा वाग्दत्त वर हा मू-बायचा मानलेला भाऊ. तो मारला गेला, आणि त्याच्या स्मृतीस्तव दोघे वर्षानुवर्षे मनातले बोलत नाहीत. शब्द तोलून उच्चारणारी त्यांची वाणी या संकोचास शोभते. उलट, बीजिंगच्या झांग झियीने रंगविलेली तरुण ज्याओ-लोंग अस्खलित बोलते, आणि तलवारही तशीच बेभान चालविते. या दोघींच्या द्वंद्वात शू-ल्येन एकामागून एक शस्त्र बदलीत राहते. ज्याओ-लोंगपाशी ती एकच तलवार, तीही मू-बायची. त्या तलवारीखाली शू-ल्येनची शस्त्रे तुटत जातात. जे मू-बाय बोलला नाही, त्याचा सल येथे प्रथम उघडा पडतो, आणि तोही संवादावाचून.