‘पुंज’ आणि ‘स्थिरांक’ : दोन पारिभाषिक संज्ञांचा पुनर्विचार

वाई (जि. सातारा) येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली आकारास आलेल्या मराठी विश्वकोशाने आधुनिक भौतिकी मराठीत आणताना ‘क्वांटम’साठी ‘पुंज’ ही संज्ञा योजिली. ‘पुंजयामिकी’ हा शब्द त्याच कुळातला. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांत मराठी शाळांतून आलेला विद्यार्थी आज क्वांटम संवेदकांविषयी ऐकतो, तेव्हा ही परिभाषा त्याला कितपत साहाय्यभूत ठरते, हे तपासणे आवश्यक आहे.

‘तेजःपुंज’ म्हणताच मराठी मनात रास उभी राहते. क्वांटम मात्र ऊर्जेचा अविभाज्य वाटा. प्रकाशीय जालक घड्याळात स्ट्राँशियमचे हजारो अणू एकाच वेळी मोजले जातात. तेथे ‘पुंज’ शोभतो, पण तो निव्वळ योगायोग. पीटीबी या जर्मन मापनसंस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग यिटर्बियमच्या एकेका आयनावर झाला. पुण्याच्या ‘आयुका’तही यिटर्बियम आयनाचे घड्याळ उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आहे. एकट्या आयनाच्या घड्याळाला ‘पुंज-घड्याळ’ म्हणणे कानालाही खटकते. येथे ‘क्वांटम’ स्वीकारणेच इष्ट.

‘स्थिरांक’ या संज्ञेचा दोष अधिक खोल आहे. यिटर्बियम आयनातील दोन संक्रमणांच्या वारंवारता सूक्ष्मरचना स्थिरांकावर निरनिराळ्या प्रमाणात अवलंबून असतात. हा अंक काळानुसार ढळत असेल, तर त्या वारंवारतांचे गुणोत्तरही बदलेल. पीटीबीच्या मापनात असा बदल आढळला नाही; असलाच तर तो वर्षाला १० च्या उणे १८ व्या घाताच्या आसपास असावा, एवढीच मर्यादा निश्चित झाली. म्हणजे ज्या गुणाचा शोध चालू आहे, तो गुण नावानेच आधी बहाल केलेला आहे. इंग्रजी संज्ञेतही हा दोष आहेच; मराठी ‘स्थिर’ तो अधिक ठळक करतो, इतकेच.

ही शंका आजची नव्हे. गुरुत्व स्थिरांक काळानुसार घटत असावा, असे डिरॅक यांनी १९३७ मध्ये सुचविले होते. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉईल यांच्यासह मांडलेल्या गुरुत्वसिद्धांताच्या एका रूपातही तो घटतो.

संज्ञा बदलणे आता व्यवहार्य नाही. व्याख्या मात्र बदलता येईल : स्थिरांक म्हणजे उपलब्ध मापनाच्या मर्यादेत अचल आढळलेली राशी. ही मर्यादा अंकांत द्यावी आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत ती दुरुस्त करावी.