पेटींतील कागद आणि भिंतीवरील तसबीर

इतिहास हा शब्द उच्चारला कीं मालवण किनाऱ्यावरील सुशिक्षित माणसाची दृष्टि सहजच समुद्राकडे वळते. कुरटे बेटावर १६६४ सालीं ज्याचा पाया घातला गेला तो सिंधुदुर्ग, सावंतवाडीचा राजवाडा, वेंगुर्ल्याची पडकी डच वखार, फार तर १९३० सालचा शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह. येथें त्याची यादी संपते. आपल्याच घराच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे, तींत आजोबांचीं पत्रें, मनिऑर्डरीचीं कुपनें, कर्जरोखे, खंडाच्या पावत्या आणि चारदोन पिवळसर छायाचित्रें पडून आहेत, व तींही याच इतिहासाचीं साधनें आहेत, ही गोष्ट त्याच्या मनास शिवत नाहीं. घर विकावयास निघालें किंवा छप्पर उतरावयाचें झालें म्हणजे ती पेटी अंगणांत येते. तिच्यांतील पितळेची दौत कोणी तरी उचलून नेतो. कागद पाचोळ्याबरोबर जळतात. हा प्रकार कोंकणांत इतक्या वेळां घडतो कीं, त्यांत कांहीं हानि होते असें कोणास वाटेनासें झालें आहे.

महाराष्ट्रास जुन्या कागदांची किंमत कोणीं शिकविलीच नाहीं, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. वासुदेवशास्त्री खऱ्यांनीं पटवर्धनांचें दप्तर उजेडांत आणलें. रियासतकार सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग संपादिले. ज्यांनीं हस्तलिखितांच्या शोधार्थ प्रवास केले व ज्यांच्या नांवें १९१७ सालीं पुण्यास प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभें राहिलें, ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तर १८३७ सालीं मालवणांतच जन्मास आले. या सर्वांचें ऋण मोठें आहे. परंतु त्यांच्या शोधाचा रोख राजकारणाकडे अथवा शास्त्रग्रंथांकडे होता. ज्या घरांत सरदारी नव्हती, सनद नव्हती, पोथी नव्हती, त्या घराच्या पेटीकडे पाहावयास त्यांस सवड नव्हती. आणि त्यांच्या मागून आलेल्यांपैकीं बहुतेकांनीं, गुरूंची मर्यादा हाच गुरूंचा उपदेश समजून, त्या पेटीस हात लावला नाहीं.

याच्या उलट परक्यांची दक्षता पाहावी. वेंगुर्ल्यास डचांनीं सतराव्या शतकांत वखार घातली. पुढें त्यांचा येथील व्यापार गेला, कंपनीही बुडाली. पण त्या कंपनीच्या कागदांचा मुख्य सांठा हेग येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत सुरक्षित असून, २००३ सालीं युनेस्कोनें जगाच्या स्मृतिठेव्यांत कंपनीच्या दप्तराची नोंद केली. तेरेखोलपलीकडे गोव्यांत पोर्तुगीजांनीं १५९५ सालींच दप्तरावर स्वतंत्र अधिकारी नेमला, व त्याच दप्तरांतून पुढें डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनीं मराठ्यांच्या इतिहासावर प्रकाश पाडला. म्हणजे वेंगुर्ल्याच्या वखारीची हकीकत सातासमुद्रांपलीकडे वाचतां येते. परंतु त्याच वेंगुर्ल्यांतील एखादें कुटुंब १९४० सालीं कशावर गुजराण करीत होतें, हें सांगणारा कागद वेंगुर्ल्यांत मिळेल अशी खात्री देतां येत नाहीं.

अलीकडे ही उपेक्षा कांहींशी दूर होऊं लागली आहे. स्त्रियांच्या जीवनाविषयींचीं छायाचित्रें, कागद व मुलाखती जमविणारी ‘स्पॅरो’ ही संस्था मुंबईंत १९८८ सालीं निघाली. २०१० सालीं अनुषा यादव यांनीं ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ सुरू केला. त्यांत घरगुती छायाचित्र आणि त्यामागची हकीकत हीं एकत्र दिलीं जातात. आमच्या शेजारीं गोव्यांत २०१९ सालीं सुरू झालेल्या ‘गोवा फॅमिलिया’ या उपक्रमानें तेथील कुटुंबांचीं चित्रें व आठवणी एकत्र केल्या. चित्र नुसतें टांगून न ठेवतां चित्रांतील माणसाच्या आप्तांस बोलतें करावें, हें तत्त्व या मंडळींनीं रूढ केलें, हा त्यांचा मोठा गुण होय. तथापि त्यांच्याकडे पाहून मालवण-वेंगुर्ल्याकडील उत्साही मंडळी जर तसाच संग्रह करूं म्हणतील, तर त्यांनीं आरंभींच एका धोक्याचा विचार करावा असें आम्हांस वाटतें. तो धोका म्हणजे छायाचित्र आणि कागद यांची फारकत.

छायाचित्र हा साक्षीदार खरा, पण पढविलेला साक्षीदार आहे. घरोघर कॅमेरे येण्यापूर्वींचें असें एखादें चित्र डोळ्यांपुढें आणावें. कोट व टोपी घातलेला गृहस्थ खुर्चीवर बसला आहे. शेजारीं नऊवारी नेसलेली पत्नी उभी आहे. मध्यें जरीच्या टोपीचें मूल आहे. मागच्या पडद्यावर विलायती बाग रंगविलेली आहे. कोट कधीं कधीं उसना असे, खुर्ची स्टुडिओची असे, आणि बाग तर कोणाचीच नसे. हें चित्र खोटें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. जगानें आपणांस कसें पाहावें अशी त्या कुटुंबाची इच्छा होती, हें त्यांत अगदीं खरें सांगितलें आहे. पण तें कुटुंब जगत कसें होतें, याविषयीं तें मौन धरतें. कर्ज काढतांना कोणी फोटो काढून घेत नाहीं. भाऊबंदकीचा, बाळंतरोगाचा किंवा नोकरी सुटल्याच्या दिवसाचा फोटो कोणाच्या भिंतीवर नसतो. केवळ छायाचित्रांवरून लिहिलेला इतिहास हा लग्नमुंजींचा इतिहास होईल, आणि पुढील पिढीस वाटेल कीं आपले पूर्वज सदासर्वकाळ इस्त्रीच्या कपड्यांतच वावरत होते.

आतां त्याच चित्राशेजारीं पेटींतील कागद ठेवावे. टपालखात्यानें मनिऑर्डरीची पद्धति १८८० सालीं सुरू केली, आणि पुढें कोंकणांतील कित्येक संसारांचा तोच कणा ठरला. मुंबईच्या गिरणींत, गोदींत वा कचेरींत राबणारा चाकरमानी घरीं जी रक्कम पाठवी, तिच्या कुपनावर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असे. कौलांचे पैसे, मुलाची फी, म्हातारीचें औषध, आणि यंदा गणपतीस येणें होत नाहीं ही वार्ता, एवढा संसार त्या दोन ओळींत मावत असे. अशीं वर्षभराचीं कुपनें क्रमानें लावलीं तर रक्कम केव्हां घटली आणि कोणत्या महिन्यांत आलीच नाहीं, हें दिसूं लागतें. आणि मग तसबिरींतील त्या बाईंच्या मुद्रेचा अर्थही निराळा लागतो. १९८२ सालच्या गिरणीसंपाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. नीरा आडारकर व मीना मेनन यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत गिरणगांवांतील माणसें स्वमुखानें बोलतात, हें त्या ग्रंथाचें मोठें मोल आहे. पण संप मुंबईंत झाला तरी त्याची झळ कोंकणांतील चुलीपर्यंत पोंचली होती. थांबलेल्या मनिऑर्डरी, उसनवारीच्या चिठ्ठ्या, दुकानदाराच्या उधारीच्या वह्या हीं त्या झळेचीं साधनें असून, तीं गांवच्या घरांतच शोधावीं लागतील.

हेंच इतर व्यवहारांचें. किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या गाबीत बांधवांस मिळकतीचे वाटे मिळत. ज्या वहींत ते वाटे मांडले जात, ती वही एका सबंध वाडीच्या कष्टांचा जमाखर्च होय. मुंबई सरकारनें १९४९ सालीं कायदा करून खोती बंद केली. कायद्याच्या पुस्तकावरून तें साल कळतें, पण खोत आणि कूळ यांच्यांतील नातें प्रत्यक्षांत केव्हां व कसें पालटलें, हें खंडाच्या पावत्या आणि कोर्टाच्या नोटिसा यांवांचून कळावयाचें नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, आमच्याकडे कुलवृत्तान्त आहेत, ते पुरेसे नाहींत काय? कुलवृत्तान्तकारांचे परिश्रम आम्ही कमी लेखीत नाहीं. गांवोगांव पत्रें पाठवून, वंशावळी जुळवून त्यांनीं जें काम केलें तें चिकाटीचें आहे. परंतु कुलवृत्तान्त हा कुळानें स्वतःचा काढून घेतलेला मोठा समूहफोटोच असतो. त्यांत पदव्या असतात, हुद्दे असतात. गहाणखतें सहसा नसतात. शिवाय छापखाना, वर्गणी व फुरसत हीं ज्या समाजांस लाभलीं, त्यांचेच वृत्तान्त प्रामुख्यानें निघाले. छायाचित्रांच्या संग्रहांत हा दोष अधिकच तीव्र होईल, कारण ज्याच्या खिशांत पैसा होता त्यानेंच पूर्वीं फोटो काढविला. एकोणिसाव्या शतकांत मुंबई इलाख्याच्या पलटणींत कोंकणांतील महार समाजाचे पुष्कळ लोक होते. त्यांच्या घरीं तसबीर नसेल, पण पेन्शनीचा कागद असूं शकेल. चर्चमधील बाप्तिस्म्याच्या वह्यांत ज्या ख्रिस्ती कुटुंबांचीं नांवें पिढ्यान्पिढ्या लिहिलीं गेलीं, त्यांचेंही तसेंच. चांगदेव खैरमोड्यांनीं जमेल तेथून कागद व आठवणी गोळा केल्या म्हणूनच डॉ. आंबेडकरांचें एवढें विस्तृत चरित्र सिद्ध झालें, हें विसरूं नये.

आमचें मुख्य म्हणणें आतां थोडक्यांत सांगतां येईल. जुन्या कौटुंबिक चित्रांत पुष्कळदां एका कडेस कोणी तरी उभा असतो: खांद्यावर पंचा घेतलेला गडी, किंवा मालकाच्या मुलास कडेवर घेतलेली बाई. घरांतील मंडळींस विचारावें तर पुढच्या ओळींतील सर्वांचीं नांवें ते सांगतात. या माणसाजवळ आल्यावर ते थांबतात. पण त्याच घराच्या जमाखर्चाच्या वहींत, मजुरीच्या रकान्यांत, त्याच काळांतील एक नांव दर आठवड्यास येत असतें. चित्रांत मुद्रा आहे पण नांव नाहीं. वहींत नांव आहे पण मुद्रा नाहीं. दोहोंस एकत्र ठेविलें, आणि घरांतील एखाद्या वृद्धेस दोन्ही दाखविलीं, तर कधीं कधीं तें नांव त्या मुद्रेस जाऊन मिळतें. तसबीर मुंबईच्या संग्राहकाकडे आणि वही रद्दींत गेली, म्हणजे ही गांठ पुन्हां कोणासही मारतां येणार नाहीं.

अशी फारकत आज डोळ्यांदेखत चालली आहे. जुन्या बाजारांत कोणाच्या तरी आजोबांची तसबीर चौकटीसह विकली जाते, आणि एखाद्या उपाहारगृहाच्या भिंतीवर शोभेसाठीं लटकते. गिऱ्हाइकें तिच्याखालीं बसून सोलकढी पितात. तो गृहस्थ कोण, हें मालकासही ठाऊक नसतें. मोबाईलवर जुनीं चित्रें क्षणांत शेंकडों घरीं पोंचतात, पण प्रत्येक फेरींत त्यांचें सालवार गळत जातें, आणि अखेर ‘जुनें तें सोनें’ एवढाच मजकूर उरतो. या हळवेपणास आम्ही इतिहासप्रेम म्हणूं शकत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरांतील पत्रें चारचौघांत कां आणावीं? बहिणीनें भावास लिहिलेलें दुःख, सासरचा जाच, एखाद्याचें व्यसन, हें परक्यानें कां वाचावें? आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय हा कीं, कोणते कागद किती वर्षें मोहोरबंद ठेवावे हें घरानेंच ठरवावें, आणि सांभाळणाऱ्यांनीं तें काटेकोरपणें पाळावें. पण मोहोरबंद ठेवणें निराळें आणि जाळणें निराळें. आज ज्याची लाज वाटते तें वाचून पन्नास वर्षांनीं एखाद्या पणतीस आपल्या पणजीचा अभिमान वाटेल, ही शक्यता आपण कां नाहींशी करावी?

यासाठीं मोठा वाडा किंवा सरकारी अनुदान लागतें असेंही नाहीं. सावंतवाडीचें श्रीराम वाचन मंदिर, वेंगुर्ल्याचें नगर वाचनालय, मालवणचें नगर वाचन मंदिर अशा जुन्या संस्था या जिल्ह्यांत आहेत. त्यांनीं एकेक कपाट व एकेक नोंदवही यासाठीं राखावी. मूळ वस्तु घराची राहावी, प्रत वाचनालयाची असावी. छायाचित्राची प्रत घेतांना पाठीमागची बाजूही घ्यावी, कारण स्टुडिओचा शिक्का व हस्ताक्षर तेथेंच सांपडतें. नांवें पाठीमागें मऊ पेन्सिलीनें, कडेस, हलक्या हातानें लिहावीं; शाई व डिंक वर्ज्य करावा, व प्लास्टिकांत कायमचें जखडूं नये. पेटींतील गठ्ठे सोडून विषयवार लावण्याचा मोह टाळावा. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता, हीही माहितीच आहे. जुने कागद मोडींत असतात व नातवास ती लिपि येत नाहीं, म्हणून त्यांस रद्दी समजूं नये. राज्याच्या पुराभिलेख खात्यातर्फे मोडीचे वर्ग भरत असतात, तेथें गांवांतील दोन तरुण पाठविले तरी काम भागेल.

घाई मात्र केली पाहिजे. वाळवी, कसर आणि चार महिन्यांची ओल यांस सवड फार असते. २०२१ सालच्या मे महिन्यांत तौक्ते वादळानें या किनाऱ्यावरील कित्येक घरांवरचीं कौलें उडविलीं. माळ्यावरील पेटीवर पाणी पडण्यास एवढें पुरे होतें. पण कागदांहूनही नाशवंत अशी एक वस्तु आहे, ती म्हणजे चित्रांतील माणसांस ओळखणारी दृष्टि. मुंबईंत नोकरीस असलेल्या वाचकांस आमची विनंति एवढीच आहे कीं, येत्या गणपतीस गांवीं जाल तेव्हां आरती आटोपल्यावर माळ्यावरची पेटी खालीं काढा, घरांतील सर्वांत वृद्ध आजींजवळ बसा, आणि पुढच्या ओळींतील माणसांपासून नव्हे, तर कडेस उभ्या असलेल्यांपासून नांवें विचारावयास आरंभ करा.